पांढरं डिझेल आणि दोन झाकणं लिक्विड

तुर्भे-कळंबोलीच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर गेले पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय. मला तो सहा जणांनी पाठवला, त्यात एक माझा सख्खा मेव्हणा. मजकूर थोडक्यात असा: "डिझेलमध्ये २० टक्के पाणी मिसळा, सोबत दोन झाकणं भांडी घासायचं लिक्विड. युरोप-अमेरिकेत बस अशाच चालतात. धूर ६० टक्के कमी, खर्च २० टक्के कमी. इंजिनात काही बदल नको, कुठल्याही गाडीला चालतं, पीयूसी हमखास पास. तेल कंपन्या हे दाबून ठेवतात."

मी बावीस वर्षं डिझेल इंजिनात इंधन फवारणाऱ्या पंप-नोझलचं काम करतोय. हा मेसेज निव्वळ थाप असता तर दोन ओळींत उडवला असता. पण याच्या पोटात एक खरी गोष्ट आहे, आणि ती आधी सांगितल्याशिवाय बाकीचं खोटं हाताला लागत नाही.

तर, "युरोप-अमेरिकेत चालतं". चालत होतं. फ्रान्समध्ये एल्फ कंपनीने 'अ‍ॅक्वाझोल' आणलं, त्यात १३ टक्के पाणी. अमेरिकेत लुब्रिझॉलचं 'प्युरिनॉक्स' होतं. इटलीत 'जेकाम', त्याला लोक पांढरं डिझेलच म्हणत, कारण ते दिसतं दुधासारखं. २००१ साली कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने प्युरिनॉक्स तपासून आकडे मान्य केले: काजळीचे कण ६३ टक्के कमी, नॉक्स, म्हणजे नायट्रोजनचे ऑक्साइड, १४ टक्के कमी. मेसेजमधले ६० टक्के बहुधा तिथलेच. १४ चा आकडा मात्र फॉरवर्ड होता होता गळून पडला.

हे होतं कसं? कढईतल्या तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब पडला की काय होतं, हे फोडणी देणाऱ्या कुणालाही विचारा. डिझेलच्या बारीक थेंबाच्या आत पाण्याचा त्याहून बारीक थेंब असतो. पाणी डिझेलच्या आधी उकळतं, वाफ फुटते आणि बाहेरच्या डिझेलच्या चिंध्या करते. इंधन हवेत नीट मिसळलं की काजळी कमी. शिवाय पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, म्हणून ज्योत थोडी गार राहते. नॉक्स तयार होतो तोच अतिशय जास्त तापमानाला, त्यामुळे तोही उतरतो. इथवर मेसेजवाल्याशी माझं भांडण नाही.

भांडण सुरू होतं ते "दोन झाकणं लिक्विड" पासून. कारखान्यात हे इंधन बनवताना क्षार काढलेलं पाणी घेतात, मोठ्या जोराने घुसळून त्याचे एखाद्या मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब करतात, आणि ते थेंब पुन्हा एकमेकांना चिकटू नयेत म्हणून खास रसायन घालतात. हे रसायन पाण्याला तेलात धरून ठेवणारं असावं लागतं. भांड्याचं लिक्विड नेमकं उलटं काम करतं, ते तेलाला पाण्यात सोडवतं. म्हणूनच तर ताटाचा तेलकटपणा नळाखाली वाहून जातो! वर त्यात सोडियम असतं, आणि नळाच्या पाण्यात क्षार. हे सगळं जळत नाही, नोझलच्या तोंडावर थर होऊन बसतं.

विश्वास नसेल तर पाण्याच्या रिकाम्या बाटलीत पाव लिटर डिझेल, पन्नास मिली पाणी आणि चार थेंब लिक्विड घालून जीव खाऊन हलवा. दोन मिनिटं मस्त पांढरं दिसेल. मग बाटली रात्रभर खिडकीत ठेवा. मी ठेवली होती. सकाळी वर डिझेल, खाली पाणी, आणि मधे साबणाच्या फेसासारखा एक घाणेरडा पट्टा. हीच बाटली म्हणजे तुमची टाकी, असं समजा. गाडी दोन दिवस उभी राहिली की पाणी तळाला. मग गायमुखच्या चढाला टाकी कलली, तळ हिंदकळला, की टाकीतून डिझेल ओढणाऱ्या नळीत डिझेलऐवजी नुसतं पाणी.

"कुठल्याही गाडीला चालतं" हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं. जुन्या बीएस-३ (धुराच्या सरकारी नियमांचा जुना टप्पा) गाडीचा इनलाइन पंप बराच अन्याय सोसतो. नव्या गाड्यांच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या रचनेत, दाब दीड-दोन हजार बारचा (हवेच्या दाबाच्या तेवढ्या पट), आणि इंजेक्टरच्या, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या, आतल्या सुईला जागा असते दोन-तीन मायक्रॉनची. आपला केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. या सगळ्याला वंगण म्हणून वेगळं ऑइल नसतं, डिझेलच वंगण. तिथे पाण्याचा घोट गेला की सुई कोरडी घासते, गंजते, आणि पाण्याची अचानक वाफ होऊन नोझलचं टोक उडतं. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक गाडी आली होती, टाकीच्या सैल झाकणातून पाणी गेलेलं, मुद्दाम कुणी घातलंही नव्हतं. चारही इंजेक्टर आतून लालसर. ड्रायव्हर म्हणाला, "काका, डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागत होता, मला वाटलं वायपरचं पाणी संपलं."

त्या दिव्यासाठी आणि पाणी अडवणाऱ्या सेपरेटरसाठी कंपन्या पैसे खर्च करतात, ते उगाच नाही. डिझेलच्या भारतीय मानकात, आयएस १४६० मध्ये, पाण्याची मर्यादा आहे किलोला २०० मिलिग्रॅम. म्हणजे लिटरमागे जेमतेम तीन-चार थेंब. मेसेज सांगतो लिटरमागे २०० मिली! वॉरंटीतली गाडी असेल तर इंजेक्टरचा दावा विसराच. आणि पंपावर कुणी असं डिझेल विकलं तर ती सरळ भेसळ, गुन्हा दाखल होतो.

आता पैशांचा हिशेब, कारण मेव्हण्याला त्यातच रस होता. समजा ट्रक लिटरला ४ किलोमीटर देतो. १०० लिटर डिझेलवर ४०० किलोमीटर. आता ८० लिटर डिझेल आणि २० लिटर पाणी घाला. पाणी जळत नाही, ते कुणाच्या मामाचंही ऐकत नाही. त्यामुळे गाडी जाणार साधारण ३२० किलोमीटर. तुम्ही पैसे दिले ८० लिटरचे आणि धावलात ८० लिटरएवढंच. वाचलं काय? उलट त्या २० लिटर पाण्याची वाफ करायला सव्वा ते दीड लिटर डिझेलएवढी उष्णता गेली. ज्वलन सुधारल्याने भरलेल्या गाडीत त्यातलं काही परत मिळतं हे खरं, पण ती सुधारणा थोडक्यातली, २० टक्क्यांची नव्हे. वर पिकअप पडतो, कारण प्रत्येक स्ट्रोकला नोझलमधून तेवढंच द्रव जातं आणि त्यात डिझेल कमी.

पीयूसीचं म्हणाल तर तिथे मेसेज खरा ठरूही शकतो, आणि म्हणूनच तो पुरावा कामाचा नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीत रिकाम्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटर दाबून फक्त धुराची घनता मोजतात. नॉक्स मोजतच नाहीत.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याला माहीतच नसावी. पाण्याचा फायदा दिसतो तो इंजिनावर भार असताना. आपल्याकडच्या गाड्यांचा दिवस जातो वाशीच्या एपीएमसीच्या गेटवर, करळ फाट्याच्या रांगेत, नाहीतर घोडबंदरला पहिल्या गिअरमध्ये. कमी भारावर सिलिंडर आधीच थंड, त्यात पाणी. मग पेट उशिरा घेतो, अर्धवट जळतं, आणि कार्बन मोनॉक्साइड व न जळलेलं इंधन वाढतं. काळा धूर कमी झाला म्हणून मागचा रिक्षावाला खूश, पण त्याचे डोळे चुरचुरणारच.

आणि नव्या गाड्यांना तर याची गरजच उरलेली नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. जड गाड्यांच्या नॉक्सची मर्यादा किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅमवरून ०.४ वर आली. पाण्याने मिळणारे १४ टक्के याच्यापुढे कुठे ठेवायचे? काजळी पकडायला सायलेन्सरच्या वाटेवर फिल्टर आहे, तो साफ व्हायला गरम धूर हवा, आणि पाणी नेमका तो धूरच गार करतं. गंमत म्हणजे पाणी बीएस-६ ट्रकमध्येही आहेच. निळ्या झाकणाच्या टाकीत आपण डीईएफ, म्हणजे धुरातला नॉक्स मोडणारं द्रव, भरतो ना, त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. फक्त ते इंजिनात न घालता धुरात फवारतात.

"तेल कंपन्या दाबून ठेवतात" याला काय उत्तर द्यायचं? एल्फ ही तेल कंपनीच होती. प्युरिनॉक्स पुढे बनवणाऱ्यांनीच बंद केलं. फिल्टर आणि युरियावाली इंजिनं आल्यावर वेगळी टाकी, वेगळा पुरवठा आणि कमी पिकअप यांचं ओझं कोण घेणार?

हे सगळं ऐकून मेव्हणा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "भाऊजी, रबाळ्याला माझ्या दोस्ताच्या कारखान्यात फर्नेस ऑइलचा बॉयलर आहे. तिथे?" तिथे गोष्ट वेगळी. बर्नरच्या नोझलला मायक्रॉनची सुई नसते, फर्नेस ऑइल घट्ट असतं, नीट फुटत नाही, आणि तिथे पाण्याची ती कढईतली करामत खरोखर कामी येते. बॉयलरमध्ये आणि जहाजांच्या मोठ्या इंजिनांत तेलात पाणी घुसळून वापरणं जुनंच आहे, त्यासाठी यंत्रंही मिळतात. त्याला म्हटलं, दोस्ताला एखाद्या बर्नरवाल्याशी बोलायला सांग. फक्त तो मेसेज त्याला पाठवू नकोस, त्यात दोन झाकणं लिक्विड आहे.