लाल अळ्या, वाम आणि पालकसभा

मिल्याची भाची मेलबर्नहून सुट्टीला आली आहे. वय वर्षं नऊ. रविवारी सकाळी तिने मामाला म्हात्रे पुलाजवळ मुठेत उतरवलं. हातात पांढरं ताट, चहाची जुनी गाळणी आणि शाळेत मिळालेला पाणकिड्यांचा तक्ता. काठचा गाळ गाळणीने ताटात काढला, तर नुसत्या लाल अळ्या वळवळत होत्या. बराच वेळ शोधून कार्टी म्हणाली, "मामा, एवढंच? मग नदी आजारी आहे."

संध्याकाळी मिल्याने हे कट्ट्यावर कौतुकाने सांगितलं आणि बंड्या उसळला. "हे कळायला मेलबर्नहून यावं लागतं? आपल्याला नाक नाही?"

"नाक फसतं," डॉक्टर म्हणाला. (हा प्राणिशास्त्राचा डॉक्टर, ताप आला तर उपयोग नाही.) "वरून पाणी सोडलं की वास दोन दिवस जातो. किडा तिथेच राहतो, म्हणून त्याची साक्ष खरी. त्या अळीत हिमोग्लोबिन असतं, प्राणवायू कमी असला तरी ती तगते. मेफ्लाय नावाच्या पाणकिड्याची तीन शेपट्यांची पिल्लं मात्र पहिली मरतात."

मिल्याला जोर चढला. तिथल्या यारा नदीला पोरं बिरारंग म्हणतात, म्हणजे धुक्याची नदी. हे नाव तिथल्या मूळच्या वुरुंडजेरी लोकांचं. त्यांच्यातलं कुणीतरी जाणतं माणूस शाळेत येतं आणि नदीतली वाम वीण घालायला पार कोरल समुद्रापर्यंत कशी जाते ते सांगतं. 2017 मध्ये नदीसाठी कायदा झाला, त्याच्या नावातच त्यांच्या भाषेतले शब्द आहेत : विलिप-जिन बिरारंग मुरॉन. बिरारंगला जिवंत ठेवा.

"आणि यारा हे नाव कुठून आलं, ते सांगितलं का शाळेत?" बंड्याने हे कुठे वाचलं होतं देव जाणे. "1835 मध्ये वेज नावाच्या सर्व्हेयरने खडकांवरून पडणारं पाणी बघितलं. तिथल्या माणसांनी त्या वाहत्या पाण्याला जो शब्द वापरला, तो याने नदीचं नाव म्हणून लिहून टाकला. पुढे जहाजांना अडचण होते म्हणून ते खडकच सुरुंग लावून उडवले. गोऱ्यांनी जमीन घेतली, खडक फोडले, आता पोरांकडून जुनं नाव घोकून घेतात! आणि कायद्याचं कौतुक आम्हाला नको. त्याच 2017 च्या मार्चमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला जिवंत व्यक्ती ठरवलं होतं. जुलैत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती. शाळेचं म्हणाल तर आपल्याकडे नववी-दहावीला जलसुरक्षा हा अख्खा विषय आहे."

सुहास सर चहात हसले. "त्या तासाला आमच्याकडे गणिताचा राहिलेला पोर्शन होतो."

अण्णा आतापर्यंत गप्प होते. "महाडजवळ नदीतल्या वाळण कोंडाला, म्हणजे डोहाला, जाऊन या. एवढाले महाशीर, पण देवीचे मासे म्हणून कुणी हात लावत नाही. तिथे कुठला तक्ता होता?"

मुद्दा बिनतोड वाटला, पण मला पटला नाही. देवीचं भय त्या कोंडापुरतं. मुठेची तर आपण आरतीही करतो आणि नाल्याचं तोंडही तिच्यातच सोडतो. मला आठवली ती मुळशीची एक कातकरी आजी. ओढ्याकाठी बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीच्या ताज्या गोळ्या दिसल्या की म्हणायची, आत खेकडा आहे. कोरडं असेल तर हातही घालायची नाही. तिच्याकडे जे आहे ते डॉक्टरच्या तक्त्यात नाही आणि अण्णांच्या देवळातही नाही. मेलबर्नवाल्यांनी उशिरा का होईना, खोट्या तोंडाने का होईना, अशा माणसाला वर्गात खुर्ची दिली. आपण त्या आजीला शाळेच्या फाटकातून आत घेऊ का?

"घेऊ की," बंड्या म्हणाला, "आदिवासी दिनाला. नाच बसवायला."

हे त्याचं बोलणं सगळ्यांनाच लागलं. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

"मी बोलावतो," सुहास सर म्हणाले. "सहावीच्या वर्गाला घेऊन आपणच ओढ्यावर जाऊ. ताट, गाळणी आणि आजी."

"मानधन?" अण्णांनी विचारलं. "पाहुण्या व्याख्यात्याला देता तेवढंच द्यायचं. साडी-नारळावर भागवायचं नाही."

"पालकसभेत विषय ठेवतो."

"पालकसभेत?" बंड्याने टपरीवाल्याला हाक मारली. "अजून एक कटिंग दे रे सरांना. यांना वेळ लागणारे."