खुलासा: पंचविसावे सौरचक्र ‘इतिहासातले सर्वांत प्रखर’ नाही

‘शास्त्रज्ञांचा अंदाज साफ फसला, हे सौरचक्र इतिहासातले सर्वांत प्रखर’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. सौरचक्र म्हणजे सूर्यावरचे काळे डाग साधारण अकरा वर्षांत वाढून पुन्हा घटण्याचा फेरा. त्या मजकुरातले अर्धेच खरे आहे. 2019 मध्ये नासा आणि नोआ (अमेरिकेची हवामान व सागर संस्था) यांच्या तज्ज्ञगटाने डागांची शिखरसंख्या 115 आणि शिखराचा महिना जुलै 2025 सांगितला होता. प्रत्यक्षात ऑक्टोबर 2024 मध्येच सरासरी काढलेला आकडा 160 च्या आसपास गेला. अंदाज कमी पडला, हे मान्यच. पण 1958 च्या शिखराला हाच आकडा 285 होता!

आणि हे अंदाज हवेत बांधलेले नसतात. चक्र मंदावले की सूर्याच्या ध्रुवांजवळचे चुंबकीय क्षेत्र मोजतात, कारण पुढच्या चक्राचा जोर बराचसा त्यावर ठरतो. जुन्या डागांचे चुंबकीय अवशेष ध्रुवांकडे वाहत जाऊन ते तयार होते आणि एखादा मोठा, आडवातिडवा डागसमूहही त्यात फरक पाडू शकतो. म्हणून सव्विसाव्या चक्राचे ठाम आकडे आत्ताच सांगणाऱ्यांवर विसंबू नका.

मे 2024 मध्ये सौरवादळामुळे लडाखच्या हानलेहून लाल ध्रुवीय प्रकाश दिसला, हे खरेच. पण एका वादळावरून अख्ख्या चक्राचा जोर ठरत नाही. 1859 चे प्रचंड कॅरिंग्टन वादळसुद्धा मध्यम चक्रातच आले होते.