साक्षीदार, पण कोणासाठी? सदरच्या कट्ट्यावरचा वाद

परवा नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या टपरीवर जे बोलणं झालं ते लिहून ठेवतो, कारण घरी येऊन झोपलो तरी डोक्यातून जाऊन नाही राहिलं. विषय निघाला मास्तरच्या फोनवरून. मास्तर म्हणजे आमच्यातला ड्रॉइंगचा मास्तर, त्याचा भाचा इटली फिरून आला अन् त्याने मिलानच्या कॅथेड्रलमधल्या एका पुतळ्याचा फोटो पाठवला होता. माणूस उभा आहे, अंगातला एकेक स्नायू, एकेक शीर दिसते, अन् खांद्यावरून उपरणं घेतल्यासारखं काहीतरी खाली कमरेपर्यंत गुंडाळलेलं. फोटो मोठा करून पाहिला तर ते उपरणं नाही, त्याचीच कातडी आहे. संत बार्थोलोम्यू, येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. त्याला जिवंत सोललं अशी परंपरा आहे. मार्को द'आग्राते नावाच्या शिल्पकाराने १५६२ मध्ये घडवलेला पुतळा.

वकील भडकलाच. "अबे, हे देवाच्या घरात ठेवतात? लहान लहान पोट्टे येत असतील ना तिथे!" मास्तर म्हणाला, थांब, खाली काय कोरलंय ते तर ऐक. तिथे लॅटिनमध्ये लिहिलंय की मला प्रॅक्सिटेलीसने नाही, मार्को आग्रातेने घडवलं. प्रॅक्सिटेलीस म्हणजे जुन्या ग्रीसमधला नामांकित शिल्पकार. वकिलाला तेवढंच पाहिजे होतं. "पाहा, माणसाची कातडी गेली अन् हा कारागीर आपलं नाव सांगून राहिला! त्याच्या दुःखाचं काय मग?" मला हे तेव्हाही पटलं अन् आत्ताही पटते. त्या पुतळ्यात शरीराचा अभ्यास जबरदस्त आहे, पण दुखणं कुठेच नाही.

आमच्यात एक वसईकर आहे, रेल्वेत, बदली होऊन नागपूरला आला अन् इथलाच झाला. कॅथलिक आहे. तो इतका वेळ गप्प होता, मग म्हणाला, "आमच्याकडे मराठीत प्रार्थना होते तेव्हा धर्मासाठी जीव देणाऱ्याला शब्द असतो रक्तसाक्षी. मार्टर हा मूळ ग्रीक शब्द, त्याचा अर्थच साक्षीदार." मास्तर म्हणे, अरबीत शहीदचा पण मूळ अर्थ तोच, साक्षीदार. आपला हुतात्मा तेवढा वेगळा, त्यात आहुती आहे. मला हे माहीतच नव्हतं, इतकी वर्षं शहीद शब्द वापरून राहिलो.

वकील मात्र वकील आहे. "ठीक आहे, साक्षीदार. मग साक्ष कोणासमोर? साक्षीदार नेहमी कोणत्या तरी बाजूचा असते. पडद्यामागून त्याला कोणीतरी उभा करते." अन् इथून खरा वाद पेटला.

मास्तरने त्याला अजून दारूगोळा दिला, मुद्दाम नाही, माहिती सांगायची त्याला हौसच आहे. रोममध्ये सांतो स्तेफानो रोतोंदो म्हणून गोल चर्च आहे, तिथे १५८० च्या सुमारास निकोलो चिर्चिन्यानी याने भिंतभर रक्तसाक्ष्यांची चित्रं काढली, तीसच्या वर. कोणाला उकळतात, कोणाचे हात तोडतात, कोणाला दगडाखाली चिरडतात. अन् प्रत्येक चित्रात अ, ब, क अशी अक्षरं टाकलीत, खाली त्याचा खुलासा, हा अमुक राजाच्या काळात, असा मारला. विज्ञानाच्या पुस्तकातल्या आकृतीसारखं! चर्च तेव्हा जेझुइटांच्या, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाच्या, कॉलेजकडे होतं, तिथून शिकून पोरं जर्मनी-हंगेरीकडे जायची, जिथे प्रोटेस्टंट-कॅथलिक झगडा चालू होता. त्यांनी रोज हे पाहायचं, मनाची तयारी करायची. वकील म्हणे, "म्हणजे ट्रेनिंगच. विशीतल्या पोट्ट्यांना मरायचं ट्रेनिंग." यावर वसईकराकडे पण उत्तर नव्हतं, तो म्हणाला, मला पण ती चित्रं नाही आवडत.

मग वकिलाने गोव्यातलं कुंकळ्ळी काढलं. १५८३ मध्ये तिथे पाच जेझुइट मारले गेले, पुढे चर्चने त्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं, पण त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीला बोलावून मारलं, त्यांचं चित्र कोणत्या वेदीवर आहे? त्यांचं स्मारक हल्ली हल्ली झालं. "सांग ना, साक्षीदार ते पण होते की नाही?" वसईकर म्हणाला होते. एकदम साधं, "होते". मला त्याचा तो क्षण फार आवडला, कारण तो वाद जिंकायला बसलाच नव्हता.

पण मुद्दा फिरवला आमच्या लहान्याने. लहान्या बर्न वॉर्डात ब्रदर आहे, नाइट ड्युटी करून आला होता, डोळे लाल, मध्येच म्हणाला, "एक विचारू का? ज्याला खरंच दुखते, त्याच्यासाठी कोणी काही काढलं की नाही?"

मास्तरने कप खाली ठेवला अन् फोनवर दुसरं चित्र काढलं. इसेनहाइमची वेदी, म्हणजे चर्चच्या वेदीवर उभ्या करायच्या, दरवाजांसारख्या उघडणाऱ्या चित्रांच्या फळ्या. मथियास ग्र्यूनेवाल्डने १५१२ ते १५१६ च्या दरम्यान रंगवलेली, आता फ्रान्समधल्या कोलमारच्या म्युझियममध्ये आहे. त्यातला येशू पाहवत नाही. हिरवट पडलेलं अंग, जागोजागी काटे घुसलेले, फोड, बोटं वाकडी होऊन ताठ झालेली. मला तर वाटलं हे मघाच्या चित्रांपेक्षा भयंकर आहे. पण ही वेदी ज्या मठासाठी होती तिथे दवाखाना होता, संत अँथनीची आग म्हणतात त्या रोगाचा. राय नावाच्या धान्याला बुरशी लागते, तिची भाकरी खाल्ली की अंग जळल्यासारखं होते, हातपाय काळे पडून सडतात, कापावे लागतात. ते रोगी या चित्रासमोर यायचे. आतल्या एका फळीवर तर खालच्या कोपऱ्यात एक अंगभर फोडांचा माणूसच बसवलाय. अन् बाहेरचे दरवाजे उघडले की आत तोच येशू कबरीतून वर येऊन राहिला, अंगावर एक फोड नाही, नुसता उजेड, जखमांच्या खुणा तेवढ्या हातापायावर ठेवल्या.

लहान्या खूप वेळ तो कोपऱ्यातला माणूस झूम करून पाहत होता. मग म्हणाला, "आमच्या वॉर्डात पेशंटला आरसा नको असते, पण बाजूच्या बेडवाला कसा आहे ते रोज विचारतात. हे तसं आहे." बस. माझ्यासाठी अख्ख्या संध्याकाळचं उत्तर तेच होतं. रक्त किती दाखवलं याचा प्रश्न नाही, ते कोणाच्या बाजूला बसून काढलं याचा आहे. रोमच्या भिंतीवरचं चित्र तुम्हाला अंगावर घ्यायला सांगते, अन् हे तुमच्या बाजूच्या बेडवर येऊन पडते.

वकील म्हणे, रोग्याला देव दाखवून गप्प बसवायची पण रीत असतेच. हे मी खोडू शकलो नाही. पण गप्प बसवायचंच असतं तर फोड कशाला रंगवले असते?

वसईकराने मग त्याच्या गावचा माणूस सांगितला. गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला, नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ ला क्रुसावर भाले मारून मारला, सव्वीस जणांत हा एक, १८६२ ला संत झाला. नागासाकीत त्याच टेकडीवर १९६२ मध्ये स्मारक झालं, शिल्पकार फुनाकोशी यासुताके. सव्वीस जण ओळीने, भाला नाही, जखम नाही, बहुतेकांचे हात जोडलेले अन् पाय खाली लोंबकळणारे, जमिनीला न टेकलेले. त्यात तीन लहान पोरं, सगळ्यात लहान बारा वर्षांचा, त्याची मूर्ती पण तेवढीच छोटी. "ते लोंबकळणारे पाय पाहिले की मला सगळं कळते," म्हणाला, "बाकी दाखवायची गरजच नाही."

मास्तरचं म्हणणं, सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी क्रुसावरचा येशू जवळपास काढलाच नाही. रोममधल्या सांता सबीनाच्या लाकडी दरवाजावर आहे तो पाचव्या शतकातला, अन् तोही डोळे उघडे, वेदना नाही. त्याला वाटते ज्यांनी क्रुसावर माणसं मरताना खरोखर पाहिली त्यांच्या हातून ते निघालंच नसेल.

तेव्हा लहान्याच म्हणाला, आमच्या वस्तीत एक मावशी आहे, २३ नोव्हेंबर १९९४ च्या इथल्या गोवारी समाजाच्या मोर्चात होती. हिवाळी अधिवेशन, लाठीमार, चेंगराचेंगरी, ११४ माणसं गेली, बाया अन् लेकरंच जास्त. दरवर्षी त्या तारखेला गोवारी शहीद स्मारकावर फुलं वाहायला जाते, पण एरवी ऑटो स्मारकाजवळच्या झिरो माइलवरून निघाला की दुसरीकडे तोंड करते. वकील, आमचा भांडखोर वकील, हळूच म्हणाला, "ते लोक साक्ष द्यायला आले नव्हते बे. आदिवासीचा दाखला मागायला आले होते." कोणीच काही बोललं नाही. त्या लेकरांचं चित्र काढावं का, काढलं तर मावशीने कुठे पाहावं, हे मला अजून नाही समजलं.

नऊ वाजले, चहावाल्याने शटर अर्धं ओढलं. वसईकर म्हणाला रविवारी मिस्सा, म्हणजे आमची प्रार्थना, झाल्यावर एसएफएस चर्चला या, भिंतीवर क्रुसाची वाट आहे, येशूच्या शेवटच्या वाटेवरचे प्रसंग, चौदा स्थानं, सावकाश दाखवतो. वकील म्हणे मी बाहेर उभा राहीन. वसईकराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "चौथ्यापर्यंत तरी ये. त्यात रक्त नाही. आई रस्त्यात उभी आहे अन् पोरगा समोरून येतो, एवढंच आहे."