शोधनिबंधाच्या किमतीतले लेखकाला काय मिळते?

गेल्या आठवड्यात माझी भाची एका शोधनिबंधासाठी स्वतःच्या खिशातून पैसे भरण्याच्या बेतात होती, कारण सर्वत्र फिरणाऱ्या एका संदेशाने तिला पटवले होते की फुकट वाचणे म्हणजे संशोधकाच्या ताटातला घास पळवणे, पैसे भरण्यावाचून दुसरा कायदेशीर मार्ग नाही, आणि फुकटची प्रत बनावट तर विकतची तपासलेली, म्हणून खरी. हा संदेश मलाही तीनदा आला होता आणि मी तो दुर्लक्षित केला होता, ही माझीच चूक.

घासाचा मुद्दा सर्वांत हास्यास्पद आहे. कादंबरीच्या लेखकाला विक्रीतून मानधन मिळते. जर्नलमधील शोधनिबंधाच्या लेखकाला सहसा एक छदामही मिळत नाही. त्याचे वेतन विद्यापीठाकडून किंवा अनुदानातून, म्हणजे बहुधा सार्वजनिक पैशातून येते. निबंध छापून यावा म्हणून तो स्वामित्वहक्क अनेकदा प्रकाशकाला विनामूल्य लिहून देतो, आणि निबंध तपासणारे समीक्षकही बहुतेक वेळा बिनपगारीच असतात. अनेक ओपन ॲक्सेस, म्हणजे वाचकांना विनामूल्य खुल्या असलेल्या जर्नलांत तर छपाईचे शुल्क लेखकाच्या बाजूनेच भरावे लागते. संपादन, संकेतस्थळ आणि जतन यांवर प्रकाशकाचा खर्च होतो हे मान्य. परंतु वाचकाने भरलेली रक्कम प्रकाशकाकडे जाते, संशोधकाकडे नव्हे. संशोधकाला हवे असतात वाचक आणि संदर्भोल्लेख, म्हणूनच सरळ ईमेल करून प्रत मागितली तर बरेच लेखक ती आनंदाने पाठवतात.

दुसरा मार्गच नाही, हे तर साफ खोटे आहे. पिवोवर आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये ‘पीअरजे’ या जर्नलात मांडलेल्या अंदाजानुसार एकूण शोधसाहित्यापैकी सुमारे 28 टक्के विनामूल्य वाचता येत होते, आणि अनपेवॉल (निबंधाची कायदेशीर विनामूल्य प्रत शोधून देणारे साधन) वापरणाऱ्यांनी प्रत्यक्षात उघडलेल्या निबंधांपैकी 47 टक्के. या अभ्यासकांपैकी काही जण अनपेवॉलचेच कर्ते आहेत हे ध्यानात ठेवावे. तरी कुणालाही जाऊन पडताळता येईल असा तो आकडा आहे, संदेशात तर एकही आकडा नाही. भौतिकशास्त्रातले प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलात छापण्याआधीचे मसुदे, 1991 पासून ‘आर्काइव्ह’ (arXiv) या संकेतस्थळावर खुले आहेत, आणि गणितातलेही त्यानंतर लवकरच तिथे आले. भाचीला हवा असलेला निबंध लेखकाच्या विद्यापीठाच्या संग्रहात दोन मिनिटांत सापडला.

राहिला प्रश्न बनावट प्रतींचा. साय-हब या निबंध परवानगीविना फुकट पुरवणाऱ्या संकेतस्थळावरची प्रत बहुधा प्रकाशकाचीच पीडीएफ असते. ती स्वामित्वहक्काचा भंग करून मिळवलेली असते, हे मात्र नाइलाजाने का होईना, मान्य करावे लागते. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने 2017 मध्ये एल्सेव्हिअर या प्रकाशकाला दीड कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली ती त्याचसाठी. मात्र ‘विकतचे म्हणून खरे’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा वेकफिल्ड यांचा निबंध 1998 मध्ये ‘द लॅन्सेट’सारख्या मान्यवर जर्नलात रीतसर छापला गेला आणि तो मागे घ्यायला 2010 उजाडले. आधी उतरवून ठेवलेली प्रत, मग ती विकतची असो वा चोरीची, निबंध मागे घेतला गेल्याची माहिती आपणहून देत नाही. ती मिळते जर्नलच्या संकेतस्थळावरील त्या निबंधाच्या पानावर, आणि मागे घेतल्याची सूचना वाचायला सहसा पैसे पडत नाहीत.