"बोटॉक्सचं एक इंजेक्शन आणि पोटाचे सगळे विकार गायब": हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

आधी आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग बाबांच्या तलावपाळीच्या वॉकवाल्या ग्रुपवर, आणि काल नेरुळच्या आत्यानेपण तोच पाठवला. मेसेज थोडक्यात असा: घास अडकणं, अ‍ॅसिडिटी, बद्धकोष्ठता, शुगरवाल्यांचं पोट जड राहणं, वाढलेलं वजन, सगळ्यावर बोटॉक्सचं (सुरकुत्या घालवायला चेहऱ्यावर टोचतात ते) एकच इंजेक्शन, ऑपरेशनची गरज नाही, पोटाच्या नसा कायमच्या मोकळ्या होतात, साइड इफेक्ट शून्य, कुठल्याही स्किन क्लिनिकमध्ये मिळतं. मी डॉक्टर नाही. पण माझ्या बाबांना हे इंजेक्शन दोनदा दिलंय, दोन्ही वेळा मी बाहेर बाकावर बसले होते, आणि तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचतेय आणि डॉक्टरांचं डोकं खातेय, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"घास अडकण्यावर चालतं." हे खरंय, पण घास कशामुळे अडकतोय त्यावर आहे. बाबांना अकॅलेशिया आहे. अन्ननलिका पोटाला जिथे मिळते तिथे स्नायूचं एक कडं असतं, आपण गिळलं की ते सैल पडायला हवं, पण त्याला सैल पडायला सांगणाऱ्या नसाच या आजारात मरतात आणि कडं आवळलेलं राहतं. वर्षाला लाखात साधारण एकाला होतो, त्यामुळे कुणाच्या पटकन डोक्यात येत नाही, बाबांना दोन वर्षं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्याच चालू होत्या. जेवता जेवता ते मध्येच उठायचे, भिंतीला पाठ लावून खांदे मागे ओढायचे, वरून गटागटा पाणी प्यायचे, मग छातीतून गुडगुड आवाज यायचा आणि घास खाली जायचा. मामलेदारची मिसळ म्हणजे त्यांचा जीव की प्राण, पण पाव छातीत बसायचा आणि ते बेसिनकडे धावायचे. रात्री आडवं झाल्यावर दुपारचा भात तोंडात यायचा, रोज सकाळी उशीचा अभ्रा बदलायला लागायचा, आणि तो भात आंबट नसायचा, जसा खाल्ला तसाच, कारण तो पोटापर्यंत पोचलेलाच नसायचा. हे मी सहज बोलता बोलता दुसऱ्या डॉक्टरांना सांगितलं आणि ते लिहिता लिहिता थांबले. मग एंडोस्कोपी, बेरियम पिऊन काढलेला एक्सरे (त्यात अन्ननलिका खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती दिसते) आणि मॅनोमेट्री, म्हणजे नाकातून बारीक नळी घालून एकेक घोट पाणी पाजतात आणि आतलं प्रेशर मोजतात. या सगळ्यानंतर बोटॉक्सचं नाव निघालं, त्याआधी नाही. आणि घास अडकतोय म्हणजे दर वेळी अकॅलेशियाच असतो असंही नाही, कॅन्सरची गाठसुद्धा असू शकते, म्हणून तर आधी एंडोस्कोपी करतात. मेसेजमध्ये तपासणीचा एक शब्द नाही, मला सगळ्यात जास्त राग त्याचा आलाय.

"नसा कायमच्या मोकळ्या होतात." नाही हो, जवळजवळ उलटं होतं. स्नायूला आवळ म्हणून सांगायला नसेच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन बाहेर पडतं, बोटॉक्स ते बाहेर पडूच देत नाही, म्हणून कडं ढिलं पडतं. काही महिन्यांनी नसेचं टोक परत कामाला लागतं आणि कडं परत आवळतं, मेलेल्या नसा काही परत येत नाहीत. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला डॉ. पंकज पसरिचा आणि त्यांच्या टीमने २१ पेशंटवर हे करून बघितलं, १९९५ मध्ये छापून आलं, आणि असर कायमचा टिकत नाही हे तेव्हापासून माहितीये. साधारण सहा महिने ते वर्षभर चालतं. बाबांना पहिलं नऊ महिने पुरलं, दुसरं पाचच.

"अ‍ॅसिडिटीवर रामबाण." इथे तर डोक्याला हात लावला मी. जुनी अ‍ॅसिडिटी, छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं हे बहुतेकदा तेच कडं नीट बंद राहत नाही म्हणून होतं, मग ते अजून ढिलं करून काय मिळणार? बाबांनासुद्धा इंजेक्शननंतर महिनाभर जळजळ व्हायची.

"शुगरवाल्यांचं पोट जड राहतं त्यावर." याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात, पोटच मंद पडतं, अन्न पुढे ढकलत नाही. पोटाच्या खालच्या दाराशी बोटॉक्स दिलं तर सुटेल असं आधी वाटलं होतं, आणि विचार चुकीचा नव्हता, पण २००७ आणि २००८ मध्ये दोन ट्रायल आल्या, एकीत २३ पेशंट, दुसरीत ३२, काही वेळा बोटॉक्स आणि काही वेळा नुसतं सलाईनचं पाणी टोचलं, आणि सलाईनपेक्षा बोटॉक्स सरस ठरलं नाही. ट्रायल छोट्या होत्या हे मान्य, तरी तेवढ्यावर आपल्या आईवडिलांना टोचायला नेऊ नका.

बद्धकोष्ठतेचं थोडक्यात सांगते. बहुतेक लोकांचा प्रश्न खाणं, पाणी, औषधं, बसून राहणं यातला असतो, तिथे बोटॉक्सचं काही काम नाही. काहींना जोर करताना खालचे स्नायू सुटायच्या ऐवजी आवळतात, त्यांना आधी बायोफीडबॅकने, म्हणजे सेन्सर लावून स्नायू कसे हलतात ते स्क्रीनवर दाखवत, स्नायू सोडायला शिकवतात. फिशरमध्ये, म्हणजे गुदद्वाराला चीर पडते त्यात, मात्र बोटॉक्स खरंच वापरतात आणि चीर भरूनही येते, फक्त काही जणांचा गॅसवरचा ताबा काही दिवस जातो.

"वजन उतरतं आणि साइड इफेक्ट शून्य." २०२३ च्या सुरुवातीला युरोपातले लोक वजनासाठी तुर्कस्तानात जाऊन पोटात बोटॉक्स घेऊन आले आणि त्यातल्या साठहून जास्त लोकांना बोट्युलिझम झाला, म्हणजे बोटॉक्समध्ये जे विष असतं त्याचीच विषबाधा, पापण्या पडणं, एकाची दोन दिसणं, गिळता न येणं, काहींना आयसीयूत ठेवायला लागलं. हे वाचून आमच्या ग्रुपवर एका काकांनी लगेच लिहिलं की मग हे विषच आहे, कुणी घेऊच नका. काका, विष आहेच, पण १९८९ पासून अमेरिकेत तिरळेपणावर मान्यता आहे त्याला, डोस आणि जागा बरोबर असली तर औषध आहे. बाबांना एकूण १०० युनिट दिले, एंडोस्कोपीतून बारीक सुई घालून कड्याच्या चारी बाजूंना पंचवीस पंचवीस. दुसऱ्या कंपनीचं युनिट वेगळं असतं, आकडा तसाच्या तसा उचलून चालत नाही. हे स्किन क्लिनिकच्या खुर्चीत बसून होणारं काम नाहीच.

आता शेवटचं, "ऑपरेशनची गरज नाही." बाबा ७४ चे आहेत, हार्टचं पंपिंग कमी आहे, भूल द्यायला डॉक्टर तयार नव्हते म्हणून त्यांना बोटॉक्स. ज्याला भूल चालते त्याला फुग्याने कडं रुंद करतात, किंवा दुर्बिणीने हेलरचं ऑपरेशन, म्हणजे कड्याचा स्नायू बाहेरून कापतात, किंवा पोएम, म्हणजे तोंडातून एंडोस्कोप घालून आतल्या आत स्नायू कापतात, जपानच्या डॉ. इनोउएंनी २००८ मध्ये सुरू केलेलं. हे वर्षानुवर्षं टिकतं. आणि आधी परत परत बोटॉक्स घेतलं तर तिथे व्रण धरतो आणि नंतर कापणं अवघड होऊ शकतं, हे मेसेज लिहिणाऱ्याला माहीतच नसणार.

हे एवढं टाइप करायचं कारण कळव्याचा एक मुलगा, ३६ वर्षांचा, बाबांसारखाच आजार, मॅनोमेट्री झालेली, पोएमची तारीख मिळालेली. मेसेज वाचून त्याने तारीख कॅन्सल करायचं ठरवलं आणि बाबांना भेटायला घरी आला, तुम्हाला इंजेक्शनने बरं वाटलं ना काका, मग मीपण तेच घेतो म्हणाला. बाबा तेव्हा मऊ भात खात होते, चमचा खाली ठेवून त्यांनी त्याला सांगितलं, अरे माझं हार्ट धड असतं तर मी एक दिवस थांबलो नसतो. पुढच्या मंगळवारी आहे त्याचं.