दिन्याचं मॉरोविंड आणि इतर दुःखं

पक्याने ऑब्लिव्हियन या जुन्या व्हिडिओ गेमचा रीमास्टर, म्हणजे नव्याने सजवलेली आवृत्ती, संपवला, तेवढं निमित्त पुरलं. "लेव्हलिंग सरळ केलंय, बरं वाटतं," इतकंच तो बोलला. लेव्हलिंग म्हणजे खेळता खेळता पात्र ताकदवान होत जायची पद्धत. असली वाक्यं कट्ट्यावर टाकायच्या आधी दिन्या आलाय का ते बघून घ्यायचं असतं. दिन्या आलेला होता.

"सरळ नाही, सपाट केलंय. मॉरोविंडमध्ये २७ स्किल्स, ऑब्लिव्हियनमध्ये २१, स्कायरिममध्ये १८. पुढच्या भागात एकच राहणार. बटण दाबणे."

हे तिन्ही बेथेस्डा कंपनीच्या एकाच मालिकेतले गेम, आणि स्किल्स म्हणजे पात्राची कौशल्यं. हे आकडे त्याला झोपेतही येतात. त्यांच्याही आधीच्या डॅगरफॉलची ३५ तो मुद्दाम मागे ठेवतो, कोणी उलट बोललं तर काढायला.

"मूळ ऑब्लिव्हियन खेळलायस ना तू?" पक्या म्हणाला. "तलवारबाज करायचा तर तलवार मेजर स्किलमध्ये, म्हणजे मुख्य कौशल्यांत, घ्यायचीच नाही! का, तर मेजर स्किल्स वाढली की लेव्हल वाढते, लेव्हल वाढली की अख्खी दुनिया वाढते, आणि मग रस्त्यावरचा फाटका लुटारू काचेचं चिलखत घालून समोर येतो. मी कंट्रोलरला रबर बँड लावून भिंतीला नाक घासत चालत ठेवायचो, स्नीक, म्हणजे दबकत चालायचं स्किल, वाढावं म्हणून. आता प्रत्येक लेव्हलला १२ पॉइंट मिळतात, हव्या त्या तीन गुणांत टाका आणि चालू पडा."

"तीच तर मजा होती."

"भिंतीला नाक घासण्यात?" मीनल पहिल्यांदाच बोलली. ती उशिरा बोलते आणि समोरच्याचा पुढचा अर्धा तास खराब करते.

दिन्या खचत नाही. हा मनुष्य स्कायरिमला 'मोबाइल गेम' म्हणतो आणि एकदा सुरू झाला की २००२च्या पुढे येत नाही. "बाण दाखवतात रे, बाण! कुठे जायचं, कोणाशी बोलायचं, सगळ्याला बाण. मॉरोविंडमध्ये पत्ता वाचायला लागायचा. नदीच्या काठाने उत्तरेला, पूल लागला की उजवीकडे. डोकं वापरायचं."

"आणि पत्ताच चुकीचा दिलेला असला तर?"

"तरीही डोकं वापरायचं."

पक्याचं मॉरोविंडशी जुनं वैर आहे, ते एका खेकड्यापासूनचं. गेम सुरू केला, किनाऱ्यावर पहिला खेकडा दिसला, हा सुरा घेऊन धावला. सुरा आरपार जातोय आणि खेकड्याला पत्ताच नाही. "डोळ्यांना दिसतंय की लागलाय! गेम म्हणतो, नाही लागला. शेवटी खेकड्यानेच मारलं मला."

"पळत गेला होतास ना?" मीनल म्हणाली. "खालची हिरवी पट्टी रिकामी झालेली असणार. दमलेला माणूस, त्यात शॉर्ट ब्लेड, म्हणजे सुरा चालवायचं स्किल, पाच. लागणार कसा? गेमचं बरोबरच होतं, फक्त त्याने तुला ते सांगितलं नाही. खेकडा जरा बाजूला सरकला, वार पाठीवरून घसरला, एवढं दाखवलं असतं तरी निम्मी भांडणं मिटली असती. वार लागला की नाही ते ठरवणारा फासा आत टाकला आणि लपवून ठेवला. लोक वैतागले, तर बेथेस्डाने पुढच्या वेळी तो दाखवायच्या ऐवजी काढूनच टाकला. लारियन कंपनीने २०२३मध्ये बाल्डर्स गेट ३ला तोच फासा स्क्रीनच्या मधोमध आणून खडखडवला. एक पडला तरी लोक खूश."

दिन्याला यात आपलाच विजय दिसला. तो टाळी द्यायला पुढे झाला. मीनलने हात पुढे केला नाही.

"थांब हं," पक्या म्हणाला. "बाल्डर्स गेट ३चं कौतुक मला नको. त्याच्या जुन्या दोन्ही भागांत थॅको होतं, वार लागतो का ते काढायचं उलटं गणित, चिलखत जितकं भारी तितका आकडा कमी. ते यात कुठंय? आणि यातल्या विदर्स नावाच्या पात्राला १०० नाणी दिली की अख्खं पात्र परत पहिल्यापासून बांधता येतं. हे सोपं करणं नाही का? का लारियनने केलं की चालतं?"

शांतता. मग मीनल म्हणाली, "मुद्दा आहे. तारीख लिहून ठेवा रे कोणीतरी."

मला वाटतं, खरी चर्चा इथून सुरू झाली. त्याआधीचं सगळं आम्ही दरवेळी बोलतोच.

"थॅको गेलं म्हणून कोण रडलं?" ती म्हणाली. "पहिल्या मास इफेक्टची बॅग आठव. १५० वस्तू झाल्या की भरली, मग एकेक उचलून मोडायची आणि तिचं ऑम्नी-जेल करत बसायचं. आकाशगंगा वाचवायला निघालेला कमांडर आणि करतोय काय, तर भंगार. दुसऱ्या भागात ती बॅगच काढली, छान केलं. कारकुनी गेली तर जाऊ दे. माझं म्हणणं वेगळं आहे. गेमने मला 'नाही' म्हणणं बंद केलं."

"म्हणजे?"

"मॉरोविंडच्या जादूगारांच्या गिल्डमध्ये बढती हवी तर बुद्धी इतकी, मनोबल इतकं, मंत्रांची स्किल्स इतकी. नसतील तर घरी जा. एका ग्रेट हाउसमध्ये, म्हणजे बड्या घराण्यात, शिरलास की बाकीची दोन बंद. स्कायरिममध्ये विंटरहोल्डच्या जादूच्या कॉलेजच्या दारात एक मंत्र करून दाखव, पुढे बहुतेक कुऱ्हाडीवर निभावतं आणि शेवटी तूच आर्चमेज, तिथला मुख्य जादूगार. तोच माणूस चोरांचाही म्होरक्या, मारेकऱ्यांचाही. असा उमेदवार कुठल्याच संघटनेला खटकत नाही?"

"अगं, मला आठवड्याचे दोन तास मिळतात," पक्या म्हणाला. "दोन तासांत मला नकार नकोय. आणि सहा कोटींच्या वर प्रती खपल्यात स्कायरिमच्या. सहा कोटी लोक चुकले?"

"चुकले नाहीत. सहा कोटी लोकांनी वेगवेगळी पात्रं बनवली आणि सगळ्यांचा शेवट लपून बाण मारणाऱ्यात झाला. तुझं काय झालं?"

पक्या गप्प. त्याचंही तेच झालं होतं. माझंही.

"फॉलआउट २ला बुद्धी एकदम कमी ठेवलीस तर तुला नुसतं हुंकारता यायचं," मीनल आता थांबणार नव्हती. "कामं मिळायची नाहीत, लोक हाकलून द्यायचे. पण क्लामथ गावातल्या त्या भोळ्या टॉरशी बोलायला गेलास की दोघं एकदम पंडितासारखे बोलायला लागायचे. ढ असण्याचाही फायदा! आणि फॉलआउट ४ला काय? चार उत्तरं. हो, टोमणा मारून हो, आधी सविस्तर सांग मग हो, आणि आत्ता नको, नंतर हो."

याच्यावर दिन्याने टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

अव्या इतका वेळ फोनमध्ये होता. तो फुटबॉलच्या पलीकडे फारसं काही खेळत नाही, पण भावाच्या नादाने अ‍ॅसॅसिन्स क्रीड ओरिजिन्स चाळलेला. "ए, तुमच्याकडून काढलेले आकडे सगळे तिकडे गेलेत. मी दबा धरून मागून गेलो, मानेत पातं घातलं, गडी उभाच! म्हणे त्याची लेव्हल जास्त आहे."

आम्ही हसलो, पण बोलला ते खरं होतं. ज्या मालिकांना आकड्यांचं वळण होतं त्यांनी ते टाकले, आणि ज्यांना त्यांची कधी गरज पडली नाही त्यांनी २०१७च्या सुमारास उचलून डोक्यावर घेतले.

मग चर्चा घसरली. कोणीतरी फायनल फँटसी ७चं नाव काढलं. त्यातली एरिथ मरते हे दिन्याने मीनलला आधीच सांगून टाकलं होतं, त्याचा हिशेब अजून मिटलेला नाही. दिन्याने उत्तरादाखल स्वतःची जखम काढली. पक्याने एकदा त्याच्याकडे खेळताना त्याच्या मॉरोविंडच्या सेव्हवर, म्हणजे जपून ठेवलेल्या खेळावर, स्वतःची सेव्ह टाकली. "माझं सगळं गेलं," दिन्या म्हणाला. "तिथून पुढे कोणत्याच गेमवर तसा जीव लागला नाही."

"सगळं म्हणजे काय रे?" पक्याने विचारलं. "टाकायच्या आधी उघडून बघितली होती मी. आर्कंगथँडच्या पडक्या अवशेषांच्या आत उभा होतास. ड्वेमरांचं, त्या नाहीशा झालेल्या जमातीचं, ते कोड्याचं खोकं शोधत."

मीनल सरळ बसली. "ते तर मुख्य कथेतलं पहिलंच काम! दिन्या, तू पुढे गेलाच नाहीस?"

"तत्त्वाचा प्रश्न होता."

"तुला ते सापडलंच नाही!"

"अगं ते एवढंसं खोकं, फळीवर, अंधारात! कोणाला दिसणार?" दिन्या उसळला. "सगळे बोगदे तीनतीनदा पालथे घातले मी. नुसता एक बाण दाखवला असता तर—"

पुढचं वाक्य कोणाला ऐकूच आलं नाही. अव्याला तर काही कळलं नव्हतं, तरी सगळ्यात जास्त तोच हसत होता.