वादळ, एसी आणि हितचिंतक

वादळाचा इशारा आला की घरातील माणसांपेक्षा एसीच्या आउटडोअर युनिटची काळजी अधिक लोकांना वाटू लागते, असे माझे निरीक्षण आहे. एरवी वर्षभर ऊन, धूळ आणि कबुतरे सोसत बाहेर घरघरणाऱ्या या यंत्राकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. आकाश काळवंडले की मात्र साऱ्यांना त्याचा एकदम कळवळा येतो, आणि मग वादळापासून त्याला वाचवण्यापेक्षा या कळवळ्यापासून वाचवणे अधिक कठीण होऊन बसते.

आमचे शेजारी तर ताडपत्री घेऊनच आले. युनिट वरपासून खालपर्यंत गुंडाळून दोरीने करकचून बांधावे, असा त्यांचा आग्रह होता. मी नम्रपणे सांगितले की हे यंत्र पावसात उभे राहण्यासाठीच घडवलेले असते. विजेच्या जोडण्या झाकणाआड असतात आणि आत आलेले पाणी निघून जायला तळाशी छिद्रे असतात. उलट चारही बाजूंनी गुंडाळले तर ओलावा आतच कोंडतो, पत्रा गंजतो आणि वायरी कुरतडणाऱ्या उंदरांना आयते घर मिळते. शिवाय ताडपत्रीत वारा भरला की ब्रॅकेटवर नको तेवढा ताण येतो. सगळे शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "ते खरं हो, पण भिजेल ना!" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. ते घरी गेले आणि त्यांनी आपल्याच युनिटला ताडपत्री बांधली. वादळात ती रात्रभर अशी फडफडत होती की झोप मात्र आमची उडाली.

मेहुण्यांचा विश्वास वजनावर. युनिटच्या डोक्यावर विटा रचल्या की ते हलणार नाही, असे त्यांचे मत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, म्हणजे ताशी 50 किलोमीटरचा वारा 100 वर गेला की त्याच विटा खाली कोणाच्या तरी डोक्यावर जातील, हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवले. त्यांनी कागद उलटा करून पाहिला. युनिट टिकते ते ब्रॅकेट आणि पायांच्या बोल्टांमुळे. बोल्ट सैल झाले असतील किंवा ब्रॅकेट गंजले असेल, तर वर कितीही माया रचून उपयोग नसतो. उंचावर लोंबकळून ते तपासणे माझ्या वयाला आणि पोटाला झेपणारे नसल्यामुळे मेकॅनिकला बोलावले. त्याने बोल्ट आवळले, झिजलेली रबरे बदलली आणि निघताना सांगितले, "साहेब, मशीन कुठं जात नाही. त्याच्यावर येऊन आदळणारं सामान आधी आत घ्या."

हे सोपे वाटते, पण त्यासाठी बाल्कनी रिकामी करावी लागते. कुंड्या, मोडकी खुर्ची, कपड्यांचा स्टँड, पत्र्याचे तुकडे आणि 'कधीतरी लागेल' म्हणून जपलेले प्लायवुड असे सगळे बैठकीत आले, आणि वादळ ओसरेपर्यंत आम्ही स्वतःच्या घरात आडवे होऊन चालत राहिलो. गारांचे भय वेगळेच. कॉइलवरचे ॲल्युमिनियमचे पत्रे इतके नाजूक की गारांच्या माऱ्याने ते वाकतात आणि हवेची वाट बंद करतात. पुढे दातेरी पट्टीने ते हळूहळू सरळ करता येतात. घरात हे काम अर्थातच माझ्या नावावर लिहून ठेवण्यात आले.

सर्वांत मोठा कलह विजेवरून झाला. वीज कडाडू लागली की नुसते रिमोटने बंद करून भागत नाही, एमसीबी, म्हणजे विजेच्या बोर्डावरचा एसीचा खटका, खाली करावा लागतो. नाहीतर तारांमधून आलेला विजेचा लोंढा सर्किट बोर्ड जाळू शकतो. पण वादळापूर्वीचा उकाडाच असा असतो की त्या घटकेला एसी बंद करणारा माणूस घरात खलनायक ठरतो. मी ठरलो.

वादळ सरल्यावर पंख्याच्या जाळीत अडकलेल्या काड्या आणि पाने काढली, युनिट आपल्या जागी सरळ उभे असल्याची खात्री केली आणि एमसीबी वर केला. मुलाने लगेच रिमोट दाबला. बाहेर काहीच हालचाल नाही. कॉम्प्रेसरमधील दाब समान होण्यासाठी यंत्र सुमारे तीन मिनिटे थांबते, हे मी सांगत होतो, पण तेवढ्यात मेहुण्यांनी कॉम्प्रेसर गेल्याचे जाहीर केले, सौभाग्यवतींनी नव्या एसीचा विषय काढला आणि मुलाने मेकॅनिकला फोन लावला. त्याने "हॅलो" म्हणायला आणि बाहेरचा पंखा फिरायला एकच गाठ पडली. फोन माझ्या हातात देऊन सगळे आत गार हवेत जाऊन बसले.